यासुए उराबेने धरून आणलेला गणिताचा मास्तर

यासुए उराबे नागिशिमा बेटाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं विकते. एकोणतीस वर्षं झाली, तीच खिडकी आणि तीच उशी. बेटावर कोण आलं, कोण गेलं, कोण "जाऊन येतो" म्हणून गेलं आणि आलंच नाही, सगळं तिला त्या हातभर चौकटीतून दिसतं. न परतणाऱ्यांत पहिला नंबर मास्तर लोकांचा. एकेरी तिकीट मागायला येणारा मास्तर ती पंचवीस पावलांवरून ओळखते. हातात मुलांनी दिलेला फुलांचा गुच्छ असतो आणि चेहऱ्यावर सुटकेचा आनंद दडवायची धडपड.

मार्चअखेर बदल्यांची यादी वर्तमानपत्रात येते, तेव्हा बेटावर ती निकालासारखी वाचतात. कोण जाणार, कोण येणार. गेली तीन वर्षं गणिताच्या जागेपुढे येणाऱ्याच्या रकान्यात नुसता पांढरा कागद असायचा. त्या पांढऱ्या कागदावर यासुएचा जुना राग होता. ती पंधरा वर्षांची असताना शाळेतले गणिताचे मास्तर ऑक्टोबरात आजारी पडून गेले, बदली कुणी आलं नाही, आणि उरलेलं वर्ष कसरतीच्या मास्तरांनी समीकरणं शिकवली. त्यांची पद्धत सरळ होती. उत्तर चुकलं की मैदानाला दोन फेऱ्या. त्या वर्षी नागिशिमाची मुलं जिल्ह्यात सगळ्यांत दणकट निघाली आणि हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेत सगळ्यांत खाली. यासुएची जागा चार गुणांनी हुकली. पुढे जे काही शिकली ते दोन बोटींच्या मधल्या वेळात, खिडकीत बसून, स्वतःच. कायद्याची पुस्तकं, सरकारी परिपत्रकं, अर्ज कसा लिहावा म्हणजे साहेबाला झोप येणार नाही, हे सगळं. शिक्षण खात्याला तिची इतकी पत्रं गेली होती की तिथला एक कारकून नवीन वर्षाचं शुभेच्छापत्र तिला न चुकता पाठवायचा. कदाचित घाबरून.

आता तिची नात कोनात्सु बेटाच्या माध्यमिक शाळेत तीनपैकी दुसऱ्या वर्षाला होती, म्हणजे पुढच्या वर्षी तिची हायस्कूलची प्रवेश परीक्षा. आणि शाळेत गणित शिकवत होते उपमुख्याध्यापक कावानिशी, जे मुळात चित्रकलेचे. त्यांनी फळ्यावर काढलेला आलेख बघून डोळ्यांचं पारणं फिटायचं. तो कशाचा आलेख आहे, हे तेवढं विचारायचं नाही.

कावानिशींचा दोष नव्हता. आमच्याकडे रिकामी जागा भरायची म्हणजे उपमुख्याध्यापकाने फोन हातात घ्यायचा आणि निवृत्त मास्तरांची यादी वरून खाली लावत जायची. बिचाऱ्याने अख्खी यादी दोनदा लावली होती. एक्क्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पहिल्याच वाक्याला तयार झाले, पण बायकोने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. एकांनी स्वतःचाच मुलगा असल्याचं सोंग घेऊन वडील परदेशी गेलेत असं सांगितलं. एक बाई येईन म्हणाल्या, फक्त संध्याकाळी व्हॉलीबॉल घेणार नाही, रविवारी सामन्यांना जाणार नाही, आणि बेटावर राहणार नाही.

"मग येणार कुठे?" असं कावानिशींनी फार नम्रपणे विचारलं होतं म्हणे.

अशा अडचणीत, गेल्या जानेवारीत, सायकल घेतलेला एक सडपातळ पोरगा यासुएच्या खिडकीपुढे उभा राहिला. तिकीट घेतलं, पण हलेना. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला वेळेचा फलक तो वाचत होता. मग वाकून, अगदी अपराध्यासारखा म्हणाला की फलकावर दर चाळीस मिनिटांनी बोट असं लिहिलंय, पण साडेआठनंतरची बोट नऊ वीसला आहे, म्हणजे पन्नास मिनिटं होतात.

यासुएचा राग कायम नाकावर. ती म्हणाली, "साडेआठला कप्तान भात खातो. चाळीस मिनिटांत भात खाऊन दाखव, बोट चालवून दाखव, मग बोल."

पोराने मान खाली घातली. पण गेला नाही. म्हणाला, "मग तेवढं खाली लिहा ना. नाहीतर लोकांना वाटेल फलक चुकलाय, आणि चूक तर भाताची आहे."

यासुएने चष्मा वर केला. असल्या गोष्टी कुणाला टोचतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने विचारलं, काय करतोस. तो म्हणाला, साकाईला गोदामात खोकी चढवतो. शिकलास काय. गणित. शिकवायचा परवाना आहे? आहे, पण शहरातल्या शाळेत एक वर्ष काढलं, रोज संध्याकाळी मुलांचं बेसबॉल घ्या, रविवारी बेसबॉल घ्या, गणिताला वेळच उरेना, म्हणून सोडलं.

यासुएने खिडकीची फळी खाली ओढली. दहाच्या बोटीला तिकीट द्यायला त्या दिवशी कुणीच नव्हतं, लोक फुकट गेले. तिने सायकलचं हँडल धरलं आणि मालकासकट सायकल शाळेपर्यंत चढावर ढकलत नेली. कावानिशी त्या वेळी फळ्यावर एक देखणं वर्तुळ काढत होते. ही का आली आणि सोबत कोण, हे कळल्यावर ते इतके खाली वाकले की चष्मा पोराच्या बुटावर पडला.

शुहेई तोकुनागा, वय सव्वीस. वर्षाच्या करारावर, एक एप्रिलपासून रुजू. व्हॉलीबॉल घ्यावं लागणार नाही, ही अट यासुएने मुख्याध्यापकांकडून लिहून घेतली. व्हॉलीबॉल कप्तानाकडे दिलं, भाताची वेळ सोडून.

माणूस मिळाला. आता टिकवायचा होता, आणि टिकवण्याच्या बाबतीत यासुएची मतं पक्की होती. शहरातला माणूस एकटा पडला की जातो. म्हणून तिने बेटाच्या एक्केचाळीस घरांत एक एक करून बजावलं: सेन्सेईंना, म्हणजे मास्तरांना, काही कमी पडता कामा नये. कामाला लावायचं नाही, बैठकीला बोलवायचं नाही, त्रास द्यायचा नाही. फक्त द्यायचं.

नागिशिमाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एप्रिलात त्याच्या दारात बांबूचे कोंब आले. मग वाकामे शेवाळ, मग कांदे, मग जिवंत ऑक्टोपस, जो बादलीतून निघून दोन घरं पलीकडे सापडला. आमच्याकडे दारात ठेवून जायचं असतं, नाव सांगायचं नसतं. वर्तमानपत्रात गुंडाळायचं, सुतळी बांधायची, पाय न वाजवता निघायचं. सकाळी सरकतं दार उघडलं की शुहेईला आधी मुळे बाजूला करावे लागत, मग चपला सापडत.

आणि शुहेईला वाढवलं होतं साकाईच्या आजीने. त्या आजीचा एकच नियम होता: आलेल्या वस्तूची परतफेड झाल्याशिवाय झोप नाही. नाव नसलेल्या भेटीची परतफेड कशी करायची? पण माणूस गणिताचा. त्याने वहीत तक्ता आखला. मुळ्याला लाल माती म्हणजे दक्षिण उतारावरची सात घरं. सुतळीची गाठ मासेमाराची म्हणजे त्यातली दोन. गुंडाळलेलं वर्तमानपत्र शेतकी संघाचं म्हणजे एकच. उत्तर: ओझाकी. मग रविवारी पहिल्या बोटीने पलीकडे, तिथून गाडीने मात्सुयामा, मोठ्या दुकानातून कागदात नीट बांधलेले मिठाईचे खोके, संध्याकाळच्या बोटीने परत, आणि अंधार पडायच्या आत दारोदार.

ओझाकी बाईंना खोका मिळाला. सेन्सेईंनी एवढं आणलं आणि आपण नुसता मुळा दिला, म्हणून त्या लाजल्या आणि त्यांनी मोठा लाल मासा दिला. माशाला त्याने केक आणला. केकला त्यांनी भोपळा दिला. हे एक घर झालं. अशी एक्केचाळीस.

मेमध्ये त्याच्या तक्त्यात एक चूक झाली आणि खोका गेला इगारी आजोबांकडे, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला वाळलेलं पान दिलं नव्हतं. आजोबा खोक्याकडे बघत बसले. रात्रभर काय उलथापालथ झाली देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोक्यावर बटाट्याचं पोतं घेऊन सगळ्या गावासमोरून चालत गेले आणि सेन्सेईंच्या दारात ठेवून आले. लोक घराबाहेर येऊन बघत होते. त्या दिवसापासून इगारीसुद्धा देतात म्हटल्यावर इतरांनी दुप्पट केलं.

फक्त द्यायचं असं बजावलेलं असताना आपण खोके घेतले, हे यासुएला कोण सांगणार, म्हणून तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला खिडकीतून एवढंच दिसत होतं की सेन्सेई दर रविवारी पहिल्या बोटीने, केस विंचरून, मात्सुयामाला जातात आणि सुंदर कागदात बांधलेली खोकी घेऊन परततात. कोनात्सु एकदा सांगत होती की सेन्सेई सोमवारी वर्गात पेंगतात आणि खिडकीबाहेर बघून उसासे टाकतात. झालं. यासुएने उत्तर काढलं: पोरगी आहे. मात्सुयामाची आहे. महागडी आहे. आणि ती याला ओढून नेणार. उपाय तिच्याकडे एकच होता. तिने सगळ्या घरांना निरोप धाडला, जोर वाढवा. ऑक्टोबरात संत्री पिकायला लागली आणि शुहेईच्या दारात पेट्यांची भिंत उभी राहिली. तो मागच्या खिडकीतून ये-जा करू लागला.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी कावानिशी धक्क्यावर आले. तिकीट नको होतं. नुसते उभे राहिले आणि खिशातून ती जुनी यादी, निवृत्त मास्तरांची, अर्धी बाहेर काढून पुन्हा आत घातली. पुढच्या वर्षी राहणार की नाही, याचा फॉर्म शुक्रवारी खात्यात जायचा होता. एका उत्तराभोवती गोल काढायचा, शिक्का मारायचा. सेन्सेईंनी अजून गोल काढला नव्हता, पण तोंडी सांगितलं होतं की साकाईला परत जावं असं वाटतंय. कारण विचारलं तर डोळे भरून आले म्हणे.

"माझ्या वाकण्यामुळे असेल का?" कावानिशींनी विचारलं.

"तुम्ही गप्प राहा," यासुए म्हणाली. "हे काम माझं आहे."

रविवारी सकाळी शुहेई खिडकीपुढे आला. केस विंचरलेले, डोळ्यांखाली काळं. मागे रांगेत कप्तानाचा भाऊ मोरिओ आणि दोन म्हाताऱ्या.

"मात्सुयामा, जाऊन-येऊन," तो म्हणाला.

"तिकीट नाही," यासुए म्हणाली.

"बोट तर उभी आहे."

"उभी राहू दे. तिचं नाव सांग आधी."

"बोटीचं?"

"त्या पोरीचं, जिच्यासाठी दर आठवड्याला खोकी आणतोस. नाव सांग, गाव सांग. तिला इथे आणू. घर देऊ. तिची आई आजारी असेल तर तिलाही आणू."

शुहेईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती चिनी बोलत होती. मग त्याने पिशवीतून वही काढली आणि खिडकीतून आत सरकवली. यासुएने पानं उलटली. ओझाकी. इगारी. शिमे आजी. मोरिओ. पुढे मुळे, मासे, माती, गाठी. शेवटी तिचं स्वतःचं घरही होतं, चार वेळा, पुढे परतफेडीचा रकाना अजून रिकामा.

"यासुए-सान," तो हळू म्हणाला, "या बेटाने मला इतकं दिलंय की मी रस्त्यात कुणाच्या तोंडाकडे बघू शकत नाही. आठवड्याचे दोन दिवस शिकवतो आणि पाच दिवस परतफेड करतो. मुलांच्या वह्या तशाच पडल्यात. परवा मी फळ्यावर त्रिकोण काढला आणि त्याला चार कोपरे निघाले. कुणी काही बोललं नाही. सगळे फार चांगले आहेत. म्हणूनच मला जायला हवं."

रांगेतल्या म्हाताऱ्या पुढे सरकल्या, ऐकू यावं म्हणून. यासुए आधी तापली त्याच्यावर, मग त्याच्या आजीवर, आणि तिसऱ्या दमाला स्वतःवर. ती म्हणाली, मग परत करणं बंद कर. तो म्हणाला, जमणार नाही. ती म्हणाली, मग घेणं बंद कर. तो म्हणाला, मग लोक दुखावतील. दोन्ही खरंच होतं.

"तुम्ही आपापसात काय करता?" त्याने विचारलं. "तुम्ही शिमे आजींना भोपळा दिलात की त्या मात्सुयामाहून खोका आणतात?"

"शिमे आजी? खोका? ती मला शिवी देईल, भोपळा उशिरा आणला म्हणून." यासुए फणकारली. "तिला परत कशाला करायचं असतं. ती आपल्या गटातली. गटारसफाईला येते, देवळाचं गवत काढते, कुणी मेलं तर चूल सांभाळते…"

आणि ती थांबली. एवढ्या वर्षांत खिडकीत बसून ती बोलता बोलता थांबलेली कुणी पाहिली नव्हती.

मागून मोरिओ म्हणाला, "मग ह्याला गटात घेतला का नाही?"

"तूच तर म्हणालीस," एक म्हातारी त्याच्या खांद्यावरून यासुएला बोलली, "सेन्सेईंना कामाला लावू नका. पाहुण्यासारखं ठेवा. तर ठेवला."

यासुएने फळी खाली ओढली. वर्षात दुसऱ्यांदा बोट फुकट गेली.

त्याच दुपारी तिसऱ्या गटाची, म्हणजे यासुएच्या आळीतल्या आठ घरांची, बैठक बसली, शिमे आजीकडे, कारण यंदाचं प्रमुखपद फिरत फिरत तिच्या घरावर आलं होतं. आजी चौऱ्याऐंशीची, कणा वाकलेला, जीभ सरळ. दोघातिघांनी नाकं मुरडली. सेन्सेईंच्या हातात फावडं, शोभतं का? मुलं काय म्हणतील? यासुए त्यांच्यावर अशी तुटून पडली की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. म्हणाली, आठ महिने आपण त्याला देव्हाऱ्यात बसवलं, रोज नैवेद्य दाखवला, आणि आता विचारतो देव का पळतोय. मी पहिली मूर्ख, माझ्या मागे बाकीची चाळीस घरं.

आजीने चहा संपवला आणि शुहेईला विचारलं, "फावडं धरता येतं?"

"गोदामात खोकी चढवायचो," तो म्हणाला.

"खोकी पुरे झाली तुझी. बुधवारी ये."

सोमवारी घरोघर फिरणारी सूचनेची पाटी निघाली. तिच्यावर यासुएच्या अक्षरात चारच ओळी होत्या. तोकुनागा शुहेई हे आता तिसऱ्या गटाचं नववं घर आहे. त्यांना द्यायचं असेल तर जसं शेजाऱ्याला देता तसं, उरलेलं द्या. परत काही येणार नाही. आलं तर घेणाऱ्याला मी बघून घेईन. प्रत्येक घराने वाचल्याचा शिक्का मारला. इगारी आजोबांनी दोन मारले, सुटल्याच्या आनंदात.

बुधवारी श्रमांचे आभार मानायची सुट्टी होती, म्हणजे आमच्याकडे गटारसफाई. सकाळी आठला तिसरा गट चढावर जमला. शुहेईचे गमबूट मोरिओचे, दोन नंबर मोठे, प्रत्येक पावलाला वेगळा आवाज करणारे. कावानिशी स्वच्छ कोट घालून बाजूला उभे होते. आत फॉर्म होता, शिक्क्याची डबी होती, पण विचारायचं धाडस नव्हतं. यासुए फावडं मारत होती आणि एक डोळा त्या पोरावर ठेवून होती. सगळे त्याच्याशी अजून जपूनच बोलत होते, सेन्सेई इकडे निसरडं आहे, सेन्सेई राहू द्या आम्ही करतो. तासभर असंच चाललं आणि यासुएचं फावडं जास्तच जोरात पडू लागलं. असंच चाललं तर शुक्रवारी गोल भलत्याच शब्दाभोवती पडणार.

तेवढ्यात शिमे आजी काठी टेकत गटाराच्या कडेला आली. तिने वाकून बघितलं, म्हणजे होती त्याहून थोडी जास्त वाकली.

"काय रे," ती म्हणाली, "एवढं गणित शिकलास आणि हा कोपरा दिसला नाही तुला? पानं कोण काढणार, कावानिशी?"

सगळ्यांची फावडी थांबली. आठ महिन्यांत त्या पोराला बेटावर कुणी वावगा शब्द बोललं नव्हतं. कावानिशींचा हात आपोआप जुन्या यादीकडे गेला.

शुहेईने कोपऱ्याकडे पाहिलं. मग वर, गटारावर झुकलेल्या पर्सिमनच्या झाडाकडे.

"आजी," तो म्हणाला, "ही पानं तुमच्याच झाडाची आहेत. फांदी छाटा, मग मला बोला."

मोरिओला इतकं हसू आलं की तो चिखलात बसला. आजी उलट बोलली, तो उलट बोलला, झाड कुणाचं, कुंपण कुणाचं, वारा कुठून येतो, इथपर्यंत गेलं. यासुए फावड्यावर रेलून ऐकत राहिली. पाहुणा असा भांडत नाही. असं भांडतो तो शेजारी.

भांडण बरोबरीत सुटलं. शुहेई गटारातून वर आला, गुडघ्यापर्यंत काळा, कावानिशींपुढे उभा राहिला आणि हात पुढे केला. कावानिशींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी फॉर्म काढला, इतक्या घाईत की शिक्क्याची डबी गटारात पडली आणि मोरिओने ती सूर मारून काढली. शुहेईने 'राहणार' या शब्दाभोवती गोल काढला. गोल काही सुबक नव्हता, कावानिशींना बघवेना. शिक्का मारला तेव्हा अंगठाही उमटला, चिखलाचा, पूर्ण.

कावानिशी म्हणाले, खात्याचे लोक डागाळलेला फॉर्म घेत नाहीत, शाळेत कोरा आहे, पाच मिनिटांत आणतो. यासुएने त्यांच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि स्वतःच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला. म्हणाली, हाच जाईल. आणि दुपारच्या बोटीने तो तिनेच पलीकडे नेऊन पोस्टात टाकला.

सोमवारी खात्यातून शाळेत फोन आला. पलीकडे तोच कारकून. फॉर्मवर तपकिरी काहीतरी आहे, ते काय आहे, असं त्याने फार सांभाळून विचारलं. कावानिशी घामाघूम झाले आणि त्यांनी थेट धक्क्यावर फोन जोडून दिला.

"आमच्या गटारातला गाळ आहे," यासुए म्हणाली. "पुसायचा नाही. पुसलात तर मी येईन."

मग कारकुनाने, आवाज आणखी खाली आणून, विचारलं की शेजारच्या बेटावर विज्ञानाचा मास्तर दोन वर्षं मिळत नाहीये, तर उराबे-सान यांच्या खिडकीवर असं कुणी येत असेल तर.

यासुएने रांगेकडे नजर टाकली. पाठीवर पिशवी घेतलेली एक मुलगी आकाशाकडे बघत काहीतरी वहीत टिपत होती.

"थांबा जरा," ती फोनमध्ये म्हणाली, आणि फळी खाली ओढली.